घरात माणसं आठ आणि टेबल एकच, जुन्या सागवानी फर्निचरची निगा कशी राखता?

मीरपूड | २२ जून, रात्री ११.१८

मंडळी, मदत हवीये. सासरे चंद्रपूरला नोकरीला होते तेव्हा १९७४ साली त्यांनी बल्लारशाच्या डेपोतलं सागवान घेऊन जेवणाचं टेबल करून घेतलं होतं, सहा फूट बाय तीन फूट, पाय कातीव. मग बदल्या होत होत ते अमरावती, नाशिक करत आता डोंबिवलीला आमच्या फ्लॅटमध्ये आलंय. घरात आठ माणसं. सासू-सासरे, दीर-जाऊ, आम्ही दोघं आणि माझी दोन पोरं. टेबल नुसतं जेवायचं नाहीये, सकाळी साडेसहाला त्यावर चार डबे भरले जातात, मग कणीक मळली जाते, दुपारी मुलांचा अभ्यास आणि क्राफ्ट, संध्याकाळी जाऊबाई घोंगडी घालून इस्त्री करतात, रात्री नवऱ्याचा लॅपटॉप.

आता परिस्थिती अशी की वर पांढरे गोल आणि पांढरट ढग पडलेत, एका कोपऱ्यात २०२० मध्ये सॅनिटायझरची बाटली असायची तिथे चकतीएवढी जागा कायम चिकट लागते, मध्यंतरी प्लास्टिकचं पारदर्शक कव्हर घातलं होतं ते उन्हाळ्यात असं चिकटलं की काढताना थोडं पॉलिशच त्याच्याबरोबर आलं. एक पाय हलतो. आणि हे गेल्या आठवड्यात दिसलं, खाली फरशीवर मैद्यासारखी भुकटी पडते, पुसली की चार दिवसांनी परत.

एकाने सांगितलं मोडीत काढा. एका पॉलिशवाल्याने टेबल न बघता फोनवरच सांगितलं की पीयू (पॉलियुरेथेनचं कडक पॉलिश) मारून देतो, नवीन होईल. सासरे काही बोलत नाहीत, पण संध्याकाळी चहा घेताना त्या पांढऱ्या डागावरून अंगठा फिरवत बसतात. गौरी-गणपतीला तीसेक माणसं असतात आमच्याकडे, त्याच्या आत काही करता येईल का? काय करायचं आणि मुख्य म्हणजे काय नाही करायचं ते सांगा.

---

तिळगूळ | २२ जून, रात्री ११.५२

प्लास्टिक कव्हर आमच्याकडेही असंच चिकटलं होतं गं, अगदी फुलाफुलांची नक्षी उमटली लाकडावर. मी तरी दर दिवाळीला खोबरेल तेल आणि लिंबू लावते, मस्त चमक येते. करून बघ.

---

रंधा | २३ जून, सकाळी ६.४०

मीरपूड ताई, आधी एक विनंती, टेबल मोडीत काढू नका. १९७४ चं बल्लारशाचं सागवान म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातलं जुनं झाड, त्या भागातलाच साग २०२३ साली अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी गेला. तशी दाट रेघांची फळी आज बाजारात मागून मिळत नाही. माझे वडील सुतार, मी स्वतः तेवीस वर्षं हेच काम करतोय, म्हणून जरा लांब लिहितो.

पहिली गोष्ट, लाकडाला काय झालंय हे बघायच्या आधी लाकडावर काय आहे ते ओळखा. लोक थेट "लाकडाला काय लावू" विचारतात, पण आपण हात लावतो तो लाकडाला नाही, वरच्या थराला. चपड्याचं पॉलिश, मेलामाइन, पीयू, नुसतं तेल, प्रत्येकाची निगा वेगळी. तुमच्या वर्णनावरून मला जवळजवळ खात्री आहे की हे चपड्याचं म्हणजे लाखेचं जुनं पॉलिश आहे, कारण चपडा स्पिरिटमध्ये विरघळतो आणि सॅनिटायझरमध्ये अल्कोहोलच असतं. बाटली दाबताना रोज दोन थेंब खाली पडत होते, त्यांनी वर्षभर पॉलिश विरघळवत नेलं. कोविडनंतर अशी किती टेबलं, किती देव्हाऱ्यांचे कट्टे माझ्याकडे आले सांगता येत नाही.

तरी खात्री करून घ्या. टेबलाच्या आतल्या बाजूला, जिथे दिसत नाही तिथे, कानात घालायच्या कापसाच्या काडीला हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं स्पिरिट लावून अर्धा मिनिट चोळा. चिकट झालं, कापसाला तपकिरी रंग आला तर चपडा. काही झालं नाही तर तसंच थिनर लावून बघा, थिनरने मऊ पडलं तर लॅकर. दोन्हीने ढिम्म हललं नाही तर पीयू किंवा मेलामाइन.

तिळगूळ ताई, राग मानू नका पण खोबरेल तेल थांबवा. तेलं दोन प्रकारची. जवसाचं तेल हवेत वाळतं, घट्ट होतं, म्हणून ते लाकडाला चालतं. खोबरेल, शेंगदाणा, सरसो ही तशी वाळत नाहीत, वर तशीच राहतात, धूळ धरतात आणि काही महिन्यांनी खवट वास येतो. चमक दिसते ती ओल्या तेलाची. आणि लिंबाचं आम्ल चपड्याला काही भलं करत नाही.

जवसाचं डबल बॉइल तेल वापरणाऱ्या सगळ्यांना एक गोष्ट हात जोडून सांगतो. तेलाने भिजलेली चिंधी चुरगळून डब्यात किंवा कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता तयार होते आणि बोळ्यात ती कोंडली की चिंधी आपोआप पेट घेते. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका. घरात पोरं आहेत म्हणून मुद्दाम लिहिलं.

गणपतीच्या आत पॉलिश करायचं म्हणताय तर मी नाही म्हणेन. पावसाळ्यात हवेत ओल असताना चपडा मारला की तो वाळता वाळता पांढरा पडतो. ऑक्टोबरचं ऊन पडू द्या. तोपर्यंत डाग, पाय आणि ती भुकटी बघू. भुकटीचं मात्र लांबवू नका.

---

तिळगूळ | २३ जून, सकाळी ९.०५

राग कसला, हे माहीतच नव्हतं. कपाटाच्या दाराला हात लावला की बोटं चिकटतात ते यामुळेच असणार. आता हे जुनं तेल काढायचं कसं?

---

रंधा | २३ जून, दुपारी १.३०

कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब, कापड घट्ट पिळून, थोडी थोडी जागा पुसत जा आणि लगेच कोरड्या फडक्याने टिपा. दोन-तीनदा करावं लागेल. पाणी ओतायचं नाही.

---

कोकणकडा | २३ जून, रात्री ९.१५

पावसाळ्याचा विषय निघालाच आहे तर. आमचं घर रत्नागिरीजवळ, चार महिने हवा म्हणजे ओला टॉवेल. आजोळच्या घरात खांब, पाट, पेटारा सगळं फणसाचं, नवीन असताना पिवळंधमक असतं आणि वर्षं जातील तसं तांबूस तपकिरी होत जातं, तो रंग पॉलिशने येत नाही. आई जे करायची तेच मी करतो. पावसाच्या आधी सगळी कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढायची. भिंत घामेजते, कपाट चिकटून असेल तर मागच्या फळीला बुरशी येणारच. आठवड्यातून एकदा पाऊस थांबला की दारं सताड उघडी ठेवून पंखा लावायचा. कपड्यात डांबर गोळ्या.

खण अडकतात त्याला काही लोक लगेच रंधा मारून घेतात, ती घाई करू नका. पावसात लाकूड फुगलंय म्हणून खण अडकतोय, मार्चमध्ये तोच खण डुगडुगेल. खणाच्या खालच्या कडेला आणि रुळाला साधी मेणबत्ती चोळा, सुरळीत सरकतो. बुरशी आली तर कोरड्या ब्रशने घराबाहेर झटका, मग व्हिनेगर आणि पाणी अर्धं अर्धं करून पिळलेल्या फडक्याने पुसा आणि पंख्याखाली वाळवा. आमच्याकडे फणसाचं सगळं तेल दिलेलं आहे म्हणून चालतं, वार्निशवर मात्र आधी कोपऱ्यात करून बघा.

---

मीरपूड | २५ जून, रात्री १०.४७

रंधा दादा, चाचणी केली. स्पिरिट लावल्यावर वीस सेकंदात बोट चिकटायला लागलं आणि कापूस चहासारखा तपकिरी झाला. म्हणजे चपडाच ना? सासऱ्यांना सांगितलं तर म्हणाले की हो, सुताराने घरी येऊन आठ दिवस पॉलिश केलं होतं, घरभर स्पिरिटचा वास होता. हे त्यांनी आजवर कधी सांगितलंच नव्हतं. मग पांढऱ्या डागांचं काय करू?

---

रंधा | २६ जून, सकाळी ६.२२

चपडाच. आता हे चांगलं की वाईट विचाराल तर मी चांगलं म्हणेन. पीयू दणकट खरं, पाण्याला आणि उष्णतेला चपड्यापेक्षा कितीतरी जास्त टिकतं, पण एकदा उडालं की पूर्ण खरवडून परत मारावं लागतं. चपडा नाजूक, पण त्याचा नवीन हात जुन्यात विरघळून एकजीव होतो, म्हणून जिथे गेलंय तेवढंच दुरुस्त करता येतं. घरच्या माणसाला करता येणारं पॉलिश हे एकच. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवरच्या लाखेच्या किड्यापासून येतं, झारखंडमध्ये सगळ्यात जास्त होतं.

पांढरा डाग म्हणजे पॉलिशच्या थरात अडकलेली ओल. गरम कप, गरम भांडं, आणि तुमच्याकडे तर वाफेची इस्त्री, त्या घोंगडीतून वाफ सरळ खाली जाते. डाग पांढरा आहे म्हणजे ओल अजून लाकडापर्यंत गेलेली नाही. केसांचा ड्रायर कमी गरमवर ठेवा, वीतभर अंतरावरून हलवत हलवत पाच-दहा मिनिटं. एका जागी धरू नका, चपडा गरमीने मऊ होतो. मधेमधे हात लावून बघा, हाताला सोसेल इतकंच गरम. बरेच डाग एवढ्यानेच जातात. जे उरतील ते ऑक्टोबरमध्ये.

रोजचं म्हणाल तर कोरडं सुती फडकं, सांडलं तर लगेच टिपा. त्या चमक आणणाऱ्या स्प्रेच्या बाटल्यांत बऱ्याचदा सिलिकॉन असतं, ते लाकडावर बसलं की पुढे कधी पॉलिश करायला गेलं की माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात, नवीन पॉलिश धरतच नाही. ते टाळा.

टेबलाचे पाय बघा खाली कसे आहेत. फरशी पुसताना ओला मॉप रोज पायांना लागतो आणि शिरांच्या टोकातून पाणी वर चढतं, जेवढं पाणी टेबलावर सांडून जात नाही तेवढं इथून जातं. पायाखाली नायलॉनचे गट्टू ठोकून घ्या.

---

वऱ्हाडी_ठेचा | २६ जून, दुपारी ३.५०

आमच्या नागपूरची तऱ्हा कोकणच्या उलट आहे भाऊ. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्री, हवा एकदम कोरडी, आणि त्यात खिडकीत कूलर. कूलरसमोर आमचं दिवाण होतं, अर्धं दिवाण ओल्या हवेत आणि अर्धं कोरड्या, तीन उन्हाळ्यात फळी अशी वाकली की गादी डुगडुगायला लागली. मग एका जुन्या मिस्त्रीने समजावून सांगितलं की लाकूड लांबीत जवळपास बदलत नाही, रुंदीत मात्र ओल घेतली की फुगतं आणि कोरडं झालं की आक्रसतं. तीन फूट रुंदीची फळी मे ते ऑगस्ट चार-पाच मिलिमीटर सहज बदलते. म्हणून वरची फळी खालच्या चौकटीला स्क्रूने गच्च आवळायची नसते, भोक लांबट ठेवायचं असतं, तिला हलायला जागा पाहिजे. आमच्याकडे दुसऱ्या एकाने हलतंय म्हणून वरून चार स्क्रू ठोकले होते, दोन वर्षात मधोमध फट. मीरपूड ताई तुमच्या टेबलाला पण कोणी मागाहून स्क्रू मारलेत का ते बघून घ्या.

---

दूरदेशी | २७ जून, पहाटे ४.३१

वऱ्हाडी_ठेचा, तुमचं वाचून डोळे उघडले. मी कॅनडात एडमंटनला असतो. आजीचा सागवानी चौरंग बॅगेत घालून आणला होता, पूजेला एवढा एकच. इथे हिवाळ्यात बाहेर उणे तीस आणि घरात हीटिंग सहा महिने सुरू, घरातली हवा इतकी कोरडी होते की ओठ फुटतात. पहिल्याच जानेवारीत मध्यरात्री काठी मोडल्यासारखा आवाज आला आणि सकाळी बघितलं तर चौरंगाला या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर. मी समजत होतो लाकूडच खराब निघालं. आता देवघराच्या खोलीत ह्युमिडिफायर लावून चाळीस टक्क्यांच्या आसपास ठेवतो, आणि चौरंग हीटरच्या झरोक्यापासून लांब. ती चीर उन्हाळ्यात जवळजवळ मिटते, हिवाळ्यात परत उघडते. भरून घेऊ का?

---

रंधा | २७ जून, सकाळी ६.१५

दूरदेशी भाऊ, अशी उघडमीट करणारी चीर पुट्टीने भरू नका. उन्हाळ्यात लाकूड फुगेल, त्याला जागा मिळणार नाही, आणि शेजारी दुसरी चीर जाईल. खालून, फळीच्या आडवी एक पट्टी लांबट भोकांनी लावा म्हणजे दोन भाग वर-खाली होणार नाहीत, बाकी तशीच राहू द्या.

---

नवंघर | २७ जून, सकाळी ११.२०

मला मनापासून एक प्रश्न पडलाय. लहान मुलं असलेल्या घरात एवढी काळजी घ्यायला वेळ कुणाला असतो? आम्ही सगळं तयार फर्निचर घेतलं, सनमायका लावलेलं, ओल्या फडक्याने पुसलं की झालं. स्केचपेन, हळद, काहीही पडू दे.

---

तिळगूळ | २७ जून, दुपारी १२.४४

नवंघर, वेळेचं अगदी पटतं. पण माझा अनुभव सांगते. आमचं तयार घेतलेलं टीव्ही युनिट पार्टिकल बोर्डचं होतं. मोलकरणीचा ओला मॉप दीड वर्ष कडेला लागला, खालची पट्टी सुटली आणि आतला भुसा बिस्किटासारखा फुगला. एकदा फुगलेला बोर्ड परत बसत नाही आणि त्यात स्क्रूही धरत नाही. सनमायका चांगलाच, पण खाली प्लाय चांगलं पाहिजे आणि सगळ्या कडा बंद पाहिजेत, खालची पण, जी कोणाला दिसत नाही म्हणून सोडून देतात.

हळदीचं म्हणशील तर आमच्या पाटावर हळदीकुंकवाला दरवर्षी हळद सांडते. घासत बसायचं नाही, कोरडी पुसायची आणि दोन दिवस खिडकीच्या उन्हात ठेवायचा, हळदीचा रंग उन्हाने उडतो. कुंकवाचा उडत नाही, त्याला खाली कागद.

रंधा दादा, माझा पण एक डाग आहे. लोखंडी तवा ओला असताना सागवानी ओट्यावर ठेवला आणि काळा गोल पडला. पांढरा नाही, काळा.

---

रंधा | २७ जून, रात्री ८.५५

काळा म्हणजे पाणी लाकडापर्यंत पोचलं आणि लोखंडाची लाकडातल्या टॅनिनशी, म्हणजे तुरट द्रव्याशी, गाठ पडली. हा ड्रायरने जात नाही. पॉलिश काढून ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचं पाणी लावावं लागतं, ते विषारी आहे, हातमोजे पाहिजेत, त्याची पूड श्वासातून जाता कामा नये आणि नंतर ती जागा दोन-तीनदा साध्या पाण्याने पुसून घ्यावी लागते. स्वयंपाकाच्या ओट्यावर हे घरी करू नका, माहितगार माणसाकडून करून घ्या.

---

मीरपूड | २९ जून, रात्री ११.३३

ड्रायर चालला!! काल रात्री पोरं झोपल्यावर बसले. पहिली पाच मिनिटं काहीच नाही, मग कपाचा एक गोल कडेकडेने आत मिटत गेला, अगदी काचेवरची वाफ जाते तसा. अकरापैकी आठ गेले. इस्त्रीचे ढग निम्मे कमी झाले. सासरे बारा वाजेपर्यंत शेजारी खुर्ची टाकून बसले होते.

वऱ्हाडी_ठेचा, वरून स्क्रू नाहीत, देवाची कृपा.

आता भुकटी. टॉर्च घेऊन खाली झोपून बघितलं. दोन पायांना जोडणारी जी खालची आडवी पट्टी आहे त्यात टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं आहेत, पंचवीस-तीस. टेबलाच्या फळीला किंवा पायांना एकही नाही. वाळवी आहे का? शेजारच्या काकू म्हणतायत रॉकेल ओता.

---

रंधा | ३० जून, सकाळी ६.३०

वाळवी नाही. वाळवी मातीच्या नळ्या करत येते आणि बाहेरून लाकूड शाबूत ठेवून आतून पोखरते. दुसरी कोरड्या लाकडातली वाळवी असते, ती खसखशीसारखे कडक दाणे टाकते. तुमची भुकटी मैद्यासारखी आणि भोकं गोल, हा भुंगा. आणि मला ती पट्टी सागवानी वाटतच नाही. सागाच्या गाभ्याला भुंगा तोंड लावत नाही, तो जातो स्टार्च असलेल्या कच्च्या लाकडात, म्हणजे सागाच्याच सालीकडच्या पांढऱ्या पट्ट्यात किंवा आंबा वगैरे हलक्या लाकडात. पट्टीचा रंग, रेघा बाकीच्या टेबलाशी जुळतात का बघा. आणि पट्टीखाली काळा कागद अंथरून आठ दिवस ठेवा. ताजी पांढरी भुकटी पडली तर किडा अजून आत आहे, नाही पडली तर जुनीच भोकं आहेत.

रॉकेल नको. घरात वास आठ दिवस, पेटायची भीती, आणि पॉलिश खराब. किडा आत अळीच्या रूपात असतो, वरून ओतलेलं तिथवर पोचेलच असं नाही.

---

मीरपूड | ८ जुलै, रात्री १०.०२

काळा कागद आठ दिवस ठेवला, चार ढीग पडले, म्हणजे सुरू आहे. पण तुम्ही कसं ओळखलंत! सासऱ्यांना विचारलं तर आठवलं, नाशिकला सामान उतरवताना मूळची पट्टी मोडली होती आणि तिथल्या एकाने पॅकिंगच्या खोक्याची पट्टी रंग देऊन बसवली होती. तीस वर्षं आम्ही तिला सागवान समजत होतो. रंगाखाली खरवडलं तर लाकूड पांढरट निघालं.

---

रंधा | ९ जुलै, सकाळी ६.४५

मग औषध करत बसू नका, पट्टी काढा आणि घराबाहेर टाका, शक्यतो जाळा. नवीन पट्टी सागाची, गाभ्याची. तुमच्याकडे कल्याण-डोंबिवलीत वखारी आहेत, पुण्याच्या लोकांना भवानी पेठेतलं टिंबर मार्केट. वखारीत जुन्या वाड्यांच्या तुळयांचं कापलेलं सागवान मागा, ते पन्नास-साठ वर्षं वाळलेलं असतं, वाकत नाही. पांढरा पट्टा असलेली फळी घेऊ नका. पायांच्या ज्या खाचेत ही पट्टी बसते ती आतून बघून घ्या आणि नवीन लाकूड बसवायच्या आधी त्या उघड्या खाचेत बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडचं पाणी ब्रशने लावून वाळू द्या. पॉलिशच्या वरून ते आत जात नाही, म्हणून ही वेळ चांगली.

पट्टी काढाल तेव्हाच हलणारा पाय पण होऊन जाईल. त्या काळी सांधे सरसाने, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांच्या डिंकाने जोडायचे. सरस गरम पाण्याच्या फडक्याने शेकला की सुटतो, मोडावं लागत नाही. कुसू, म्हणजे खाचेत बसणारं टोक, बाहेर काढा, जुना सरस पूर्ण खरवडा, कारण त्याच्यावर फेव्हिकॉल धरत नाही, मग नवीन लावून जोडा. शिकंजा नसेल तर पायांभोवती दोरीचे दोन वेढे घ्या, मध्ये लाटणं घालून पीळ द्या, लाटणं अडकवून एक दिवस तसंच सोडा. दोरीखाली जुनं कापड, नाहीतर पॉलिशवर वळ उठतात.

---

मांडवी | ९ जुलै, रात्री ९.२०

गोव्याहून लिहितेय. टेबलाबरोबर वेताच्या खुर्च्या असतील कोणाकडे तर एक सांगते. आमच्या जुन्या घरात शिसवी खुर्च्या आहेत, बैठक वेताच्या विणीची. बसून बसून झोळ पडला की लोक नवीन विणून घेतात. वेत तुटलेला नसेल तर खुर्ची उलटी करून वेताच्या खालच्या बाजूने कोमट पाण्याचं फडकं फिरवा, खालच्याच बाजूने, कारण वर चकचकीत साल असते ती पाणी घेत नाही. मग वाऱ्यावर वाळू द्या आणि पूर्ण सुकेपर्यंत कोणी बसायचं नाही. वाळताना वेत आवळतो. मुलं खुर्चीवर उभी राहतात ते मात्र थांबवा, त्याला औषध नाही.

आणि शिसवी म्हणून आजकाल जे विकतात त्यातलं बरंच उत्तरेकडचं शिसम असतं. तेही चांगलं लाकूड, पण आपला काळपट जांभळा शिसव तो वेगळा. भाव देताना विचारून घ्या.

---

मीरपूड | १२ सप्टेंबर, रात्री ११.५८

खूप दिवसांनी लिहितेय. पट्टी बदलली, पाय घट्ट बसला. नवरा आणि दीर दोघांनी मिळून लाटण्याचा पीळ दिला. गौरी जेवणाला टेबलावर जाडसर सुती चादर, त्यावर पत्रावळ्या, आणि गरम पातेल्यांना नारळाच्या काथ्याच्या चकत्या. तीस माणसं जेवली आणि नवीन डाग फक्त एक. इस्त्रीचं वेगळं टेबल आणलं, जाऊबाईंनीच आणलं.

रंधा दादा, ऑक्टोबर आला.

---

रंधा | १३ सप्टेंबर, सकाळी ६.२०

दसऱ्यानंतर सलग चार-पाच दिवस ऊन पडलं की सुरू करा. एक लिटर स्पिरिटला दोनशे ते अडीचशे ग्रॅम चपडा, काचेच्या बरणीत आदल्या रात्री भिजवा, मधेमधे हलवा, मलमलने गाळा. लागेल तेवढंच करा, सहा महिन्यांपेक्षा जुनं द्रावण नीट वाळत नाही. बनवाल ती तारीख बरणीवर लिहा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी ठेवा, हे स्पिरिट विषारी असतं. गॅस बंद, खिडक्या उघड्या, दिवा-उदबत्ती त्या दिवशी दुसऱ्या खोलीत.

जुनं पॉलिश खरवडू नका. ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने रेघांच्या दिशेने हलक्या हाताने, नुसती चमक मरेपर्यंत. धूळ पुसा. कापसाचा बोळा मलमलमध्ये गुंडाळायचा, लिंबाएवढा, पॉलिशने ओलसर, ठिबकणारा नाही. न थांबता सरळ हात मारत जायचं, टेबलाच्या बाहेरून आत आणि बाहेर जायचं. मध्ये थांबलात की बोळा चिकटतो आणि खालचं पॉलिश उचलतो. तीन-चार हात, मग रात्रभर वाळू द्या, परत पेपर, परत हात. तीन दिवस असं करा. सॅनिटायझरची चकती आणि प्लास्टिकने उचललेली जागा आधी दोन हात देऊन भरून घ्या, मग सगळीकडे.

आणि टेबल उलटं करून खालच्या बाजूलाही दोन हात. ते कोणी करत नाही. एका बाजूला पॉलिश आणि दुसरी उघडी असली की दोन बाजू हवेतली ओल वेगवेगळी घेतात आणि फळी वाकते. पंधरा दिवस वर काही गरम ठेवू नका, काच तर अजिबात ठेवू नका. पुढे कधी ठेवलीच तर खाली पारदर्शक रबरी टिकल्या लावून, हवा खेळती राहील अशी.

---

मीरपूड | २ नोव्हेंबर, रात्री १०.१५

झालं. चौथ्या दिवशी संध्याकाळी शेवटचा हात सासऱ्यांनी मारला. मी बोळा चुकीचा धरते म्हणाले, त्यांनी १९७४ मध्ये आठ दिवस त्या सुतारासमोर बसून बघितलं होतं, आठाच्या आकड्यासारखा हात फिरवत होते. फळीच्या रेघा आता दिवा लावला की आतून उठून येतात, मधाच्या रंगाच्या. सॅनिटायझरची चकती कुठे होती ते मला शोधावं लागतं.

एक प्रश्न राहिला. खालच्या बाजूला पॉलिश मारायला टेबल उलटं केलं तर फळीवर पेन्सिलने लिहिलेलं सापडलं. १७-३-७४, त्याखाली ६ × ३, आणि बाजूला बेरजेसारखं काहीतरी. त्यावर पॉलिश मारलं तर पुसलं जाईल का? तेवढी जागा सोडून दिलीये.

---

रंधा | ३ नोव्हेंबर, सकाळी ६.०८

नाही पुसली जाणार, पेन्सिल स्पिरिटमध्ये विरघळत नाही. फक्त बोळा घासू नका, मऊ ब्रशने एकच पातळ हात फिरवा आणि परत त्यावरून जाऊ नका. वाळलं की अक्षर कायमचं बंदिस्त. ती बेरीज म्हणजे लाकडाचा घनफुटाचा हिशोब असणार, आम्ही अजून फळीवरच करतो.

---

मीरपूड | ३ नोव्हेंबर, रात्री ९.४०

मारला ब्रशने. सासऱ्यांना चष्मा लावून दाखवलं, बराच वेळ बघत होते. अक्षर त्यांचं नाही, सुताराचं आहे म्हणाले, आणि बेरीज बरोबर आहे.